टेंभलीचा बारा अंकी क्रमांक आणि बिघाड गृहीत धरणारी यंत्रे

१/
२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याचे टेंभली हे छोटे आदिवासी गाव. त्या दिवशी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि संयुक्त पुरोगामी आघाडीच्या अध्यक्षा सोनिया गांधी या गावी आले होते. मुख्यमंत्री अशोक चव्हाण आणि भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष नंदन निलेकणी हेही उपस्थित होते. गावातील दहा जणांना ‘आधार’ क्रमांक देण्यात आले. त्यांतील पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांचा. पुढे शंभर कोटींच्या पलीकडे गेलेल्या नोंदवहीचे पहिले पान सातपुड्याच्या पायथ्याशी लिहिले गेले.

२/
समारंभाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या कागदामागची नोंद मात्र कोणाला दिसली नाही. दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळांच्या प्रतिमा, चेहऱ्याचे छायाचित्र, नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लिंग एवढा ऐवज टेंभलीहून शेकडो कोस दूर असलेल्या यंत्रांकडे गेला. ती यंत्रे कोणती? त्यांतील एखादी डिस्क जळाली तर ती नोंद नाहीशी होते का? या प्रश्नाच्या उत्तराला बराच मोठा इतिहास आहे. तो अमेरिकेतील प्रयोगशाळांतून आणि हेलसिंकीतील एका विद्यार्थ्याच्या संगणकावरून जातो आणि पुन्हा नंदुरबारला येतो. तेथे आल्यावर त्या इतिहासाची एक उणी बाजूही दिसते.

३/
आरंभ त्या क्रमांकापासूनच करावा. आधार क्रमांकात बारा अंक असले, तरी ओळख पहिल्या अकरा अंकांत सामावलेली असते. बारावा अंक त्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत. क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि चूक तत्काळ उघडी पडते. म्हणजे बारावा अंक नवी माहिती देत नाही. तो उरलेल्या अकरांची राखण करतो. माहितीच्या रक्षणासाठी माहितीहून थोडे अधिक साठवायचे, हे तत्त्व येथे त्याच्या सर्वांत लहान रूपात दिसते. पुढचे सारे या तत्त्वाचेच विस्तार आहेत.

४/
हे तत्त्व खानदेशाला नवे नव्हते. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्याचा भाग होता. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून जमविलेली समर्थ संप्रदायाची बाडे आहेत. त्याच शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या ग्रंथांचे आयुष्य प्रतींवर अवलंबून होते. एका मठाला वाळवी लागली, तरी दुसऱ्या मठातली प्रत उरत असे. शिवाय तीन-चार प्रती शेजारी ठेवून पाठभेद तपासले, की कोणत्या लेखकूने कोठे चूक केली हेही कळे. नष्ट झालेले परत मिळवणे आणि बिघडलेले ओळखणे, ही दोन्ही कामे अनेक प्रतींमुळे साधत.

५/
जमिनीच्या कागदांचीही हीच गोष्ट. ‘सातबारा’ म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा: पहिल्यात हक्क, दुसऱ्यात पीक. तलाठ्याचे दप्तर गावाकडे आणि जुने अभिलेख तहसीलच्या कक्षात, अशी व्यवस्था असे. परंतु अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कित्येक गावे दीर्घकाळ वनग्रामे होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबाराच तेथे नव्हता. सरदार सरोवराचे पाणी मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांत चढू लागले, तेव्हा ‘तुम्ही येथे राहत होता याचा पुरावा काय?’ हा प्रश्न घरादाराइतकाच मोठा ठरला. नोंद असणे आणि नसणे यांतले अंतर नंदुरबारच्या डोंगरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

६/
आता संगणकाकडे वळू. १९८० च्या दशकात मोठ्या संस्थांची माहिती कपाटाएवढ्या, अतिशय महाग डिस्कवर ठेवली जाई. त्याच काळात वैयक्तिक संगणकांसाठी छोट्या, स्वस्त डिस्क येऊ लागल्या होत्या. एका महाग डिस्कच्या जागी अनेक स्वस्त डिस्क का जोडू नयेत? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात हा प्रश्न मांडला.

अडचण त्यांनीच गणिताने दाखवली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले आणि अशा १०० डिस्क एकत्र जोडल्या, तर त्यांतली एखादी बिघडण्याचा सरासरी काळ ३०० तासांवर येतो. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. स्वस्ताईचा लाभ घ्यायचा, तर बिघाड हा अपवाद न मानता रोजचा व्यवहार मानावा लागेल, हे त्यांनी ओळखले. या मांडणीला ‘रेड’ हे नाव मिळाले.

७/
रेडमधला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आरसा: एकच माहिती दोन डिस्कवर लिहायची. सुरक्षितता चोख, पण निम्मी जागा खर्ची पडते. दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. समजा पहिल्या डिस्कवर ७ हा अंक आहे, दुसऱ्यावर ५. तिसऱ्या डिस्कवर त्यांची बेरीज, १२, लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क जळाली, तर १२ मधून ७ वजा केले की हरवलेला ५ परत मिळतो. पहिली गेली, तर १२ मधून ५ वजा करायचे. तीनपैकी कोणतीही एक गेली, तरी काहीच हरवत नाही.

प्रत्यक्षात बेरजेऐवजी शून्य आणि एक या बिटांवर ‘एक्स-ऑर’ ही क्रिया केली जाते आणि त्या राखणदार माहितीला ‘पॅरिटी’ म्हणतात. रेडच्या पाचव्या प्रकारात ही पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर वाटून ठेवतात, म्हणजे एकाच डिस्कवर लिहिण्याचा सारा भार येत नाही.

८/
रेडच्या मर्यादाही त्याच वेळी समजून घ्यायला हव्यात, कारण येथेच अनेकांची फसगत होते. एक डिस्क गेल्यावर नवी बसवून तिच्यावर माहिती पुन्हा उभारली जाते. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली, तर पाचव्या प्रकारातील सारी माहिती जाते. म्हणूनच पुढे दोन डिस्क गेल्या तरी टिकणारा सहावा प्रकार रूढ झाला. आग, पूर, चोरी यांपुढे एकाच पेटीतल्या दहा डिस्कही निरुपयोगी असतात. आणि एखाद्याने चुकून फाइल पुसली, तर आरसा तीच चूक दुसऱ्या डिस्कवर इमानाने उतरवतो. रेड यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी घेतलेली प्रत लागते. धुळ्याच्या बाडांचे संरक्षणही याच कारणाने झाले होते: त्या प्रती निरनिराळ्या मठांत होत्या.

९/
डिस्कच्या बिघाडावर उत्तर मिळाले. पण संपूर्ण संगणकच बंद पडला तर? या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्याच गरजेतून आले. १९६० च्या दशकात संगणक इतके महाग होते, की एकट्या माणसाला एक यंत्र देणे परवडण्यासारखे नव्हते. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने ‘सीपी-४०’ ही प्रणाली रचली. ती एकाच यंत्राला एका वेळी १४ स्वतंत्र संगणक असल्याचे सोंग घ्यायला लावी. प्रत्येक वापरकर्त्याला वाटे की संपूर्ण यंत्र आपलेच आहे. हेच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र. १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ या नावाने ही सोय ग्राहकांसाठी जाहीर केली.

१०/
पुढे स्वस्त वैयक्तिक संगणक आले आणि ही कल्पना काही काळ मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने पुढच्याच वर्षी ती साध्या संगणकावर आणून दाखवली. २००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ आले. २००७ च्या आरंभी ‘केव्हीएम’ लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले आणि कोणत्याही लिनक्स यंत्राला आभासी यंत्रांचे यजमानपद मिळाले.

या सोयीचे मर्म असे, की आभासी यंत्र म्हणजे अखेर डिस्कवरची एक फाइल असते. तिची प्रत काढता येते. ती एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर चालू करता येते. लोखंडी यंत्र बिघडले, तरी त्यावर नांदणारा ‘संगणक’ दुसऱ्या घरी जातो. सावधगिरी मात्र एवढी बाळगावी लागते, की दहा आभासी यंत्रे एकाच सर्व्हरवर आणि एकाच डिस्कवर ठेवली, तर एका बिघाडात दहाही कोसळतात. मूळ आणि त्याची प्रत एकाच छपराखाली असू नये, हा आठव्या भागातला धडा येथेही लागू पडतो.

११/
या दोन्ही कल्पना सामान्यांच्या आवाक्यात आणल्या त्या लिनक्सने. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण एक मुक्त कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. ती केवळ छंद म्हणून आहे, असेही त्याने सांगितले होते. पुढे तिचा स्रोत सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता येईल असा परवाना तिला मिळाला. जगभरातील हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. पूर्वी डिस्कची जोडणी करण्यासाठी महागडे स्वतंत्र कार्ड विकत घ्यावे लागे. लिनक्समध्ये ते काम प्रणालीच करू लागली. दोन साध्या डिस्क, एक जुना संगणक आणि काही आज्ञा एवढ्यावर आरसा तयार होऊ लागला. जे मोठ्या बँकांनाच शक्य होते, ते तालुक्याच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेलाही शक्य झाले.

१२/
शेवटचा टप्पा गूगलने गाठला. २००३ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी आपल्या साठवण पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे गृहीतकच असे होते, की हजारो स्वस्त यंत्रांत रोज काही ना काही बिघडणारच. म्हणून प्रत्येक माहितीच्या तुकड्याच्या निरनिराळ्या यंत्रांवर तीन प्रती ठेवायच्या. एक यंत्र गेले, की उरलेल्या प्रतींवरून प्रणालीच नवी प्रत तयार करते. रात्री कोणाला उठवावे लागत नाही. याच कल्पनेवर डग कटिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘हडूप’ ही मुक्त प्रणाली उभी केली. कटिंग यांच्या मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचे ते नाव. हडूपमध्येही तीन प्रती हाच नेहमीचा प्रघात आहे आणि त्या सर्व एकाच रॅकमध्ये राहणार नाहीत याची दक्षता घेतली जाते.

१३/
आता पुन्हा भारतात. जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या अधीन विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी निलेकणी त्याचे अध्यक्ष झाले. एवढ्या मोठ्या नोंदवहीसाठी एखाद्या कंपनीची बंदिस्त, महाग यंत्रणा घेता आली असती. परंतु एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहणे हाही बिघाडाचाच एक प्रकार आहे. प्राधिकरणाने बाजारात सहज मिळणारे सर्व्हर, लिनक्स, हडूप, मायएसक्यूएल असा मुक्त प्रणालींचा मार्ग स्वीकारला. माहितीचे केंद्रीय भांडार एका ठिकाणी न ठेवता एक डेटा सेंटर बंगळुरूला आणि दुसरे हरयाणातील मानेसरला उभारले गेले. एका प्रदेशातील भूकंप, पूर किंवा वीजसंकट दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये, हा अशा रचनेचा हेतू असतो.

१४/
एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत, यासाठी प्रत्येक नव्या नोंदीची तुलना आधीच्या सर्व नोंदींशी करावी लागते. गणित करून पाहावे: ६० कोटी नोंदी झालेल्या असताना एका दिवशी १० लाख नव्या आल्या, तर तुलनांची संख्या ६०० लाख कोटींवर जाते. हे काम सुद्धा एकाच्या हाती सोपवले नाही. ठसे व बुबुळे जुळवणाऱ्या तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणाली एकाच वेळी कामाला लावल्या आणि त्यांच्या अचूकतेची परस्परांशी तुलना होत राहील अशी रचना केली. ४ एप्रिल २०१६ पर्यंत आधारधारकांची संख्या १०० कोटींवर पोहोचली.

१५/
नोंदणी केंद्राची मांडणीही याच विचाराने झाली होती. लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळाचा कॅमेरा, मागे पांढरा पडदा आणि नागरिकाला आपली माहिती वाचून तपासता यावी म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटर. वीज गेल्यास जनित्र. इंटरनेट असलेच पाहिजे अशी अट नव्हती. नोंद कुलूपबंद पाकिटासारखी सांकेतिक रूपात लॅपटॉपवर जतन होई, तिची प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर घेतली जाई आणि जेथे जाळे मिळेल तेथून ती पुढे पाठवली जाई. डोंगरातल्या पाड्यावर वीज नसेल, मोबाइलला रेंज नसेल, हे रचनाकारांनी आधीच धरले होते. ज्या अर्थी नोंदणी अक्राणीच्या दऱ्यांतही पार पडली, त्या अर्थी हे गृहीतक योग्य होते.

१६/
राज्य शासनाच्या पातळीवरही हेच स्थित्यंतर घडले. पूर्वी प्रत्येक खात्याचा स्वतंत्र सर्व्हर असे. मुंबईतील राज्य डेटा सेंटर आणि शासनाचे क्लाउड यांमुळे खात्यांना आभासी यंत्रे मिळू लागली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही ऑनलाइन मिळू लागला. तहसीलच्या दप्तरातील कागद वाळवीच्या तावडीतून सुटला. मात्र ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्यही मराठी ग्रामीण जीवनात कायमचे रुजले.

१७/
या वाक्यात या इतिहासाची उणी बाजू आहे. २०१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्राच्या रेशन दुकानांत बोटाचा ठसा घेणारी ई-पॉस यंत्रे रूढ झाली. धान्य मिळण्यासाठी आता एकापाठोपाठ एक अशा पाच गोष्टी जमून याव्या लागत होत्या: यंत्राला वीज, मोबाइलला रेंज, राज्याचा सर्व्हर, आधारचा सर्व्हर आणि जुळणारा ठसा. समजा यांतली प्रत्येक गोष्ट १०० पैकी ९५ वेळा नीट चालते. पाचही एकाच वेळी चालण्याची शक्यता मग सुमारे ७७ टक्क्यांवर येते. जवळजवळ दर चौथा प्रयत्न फसतो.

उलट, १०० पैकी ५ वेळा बिघडणाऱ्या दोन डिस्क आरशाप्रमाणे ठेवल्या आणि त्यांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असले, तर दोन्ही एकदम बिघडण्याची शक्यता पाव टक्क्याइतकी असते. घटक तितकेच कच्चे आहेत. पहिल्या मांडणीत ते एकामागे एक साखळीसारखे आहेत, दुसरीत एकमेकांना पर्याय म्हणून शेजारी. सारा फरक मांडणीचा आहे.

१८/
या साखळीतील सर्वांत नाजूक कडी माणसाचे बोट. ऊसतोड, खडीकाम, शेतमजुरी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. वृद्धांचे ठसे पुसट होतात. नोंदणीच्या वेळी दहा बोटे आणि दोन डोळे घेतले गेले होते, म्हणजे शरीरातही पर्याय होते. दुकानातल्या यंत्रासमोर मात्र बहुधा एका बोटाचा ठसा मागितला जाई. दूरच्या डेटा सेंटरमध्ये डिस्क जळाली, तर नोंदीला दुसरे घर तयार होते. नंदुरबारमधल्या दुकानात ठसा जुळला नाही, तर माणसाला दुसरा दरवाजा असेलच असे नव्हते.

हे ओळखून कायद्यात आणि आदेशांत पर्याय घातले गेले. आधार क्रमांक मिळालेला नसेल, तर ओळखीचे अन्य साधन द्यावे, असे २०१६ च्या कायद्यातील कलम ७ सांगते. ठसा न जुळल्यास काय करावे, याविषयी प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वतंत्र परिपत्रक काढले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार वैध ठरवताना, ठसा न जुळल्यामुळे पात्र व्यक्ती लाभापासून वंचित राहू नये, याकडेही लक्ष वेधले. पर्याय कागदावर आले. ते दुकानाच्या फळीपर्यंत किती पोहोचतात, यावर त्यांचे मोल ठरते.

१९/
प्रतींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माहितीच्या जितक्या प्रती, तितकी राखण्याची ठिकाणे. एखादे बाड दोन मठांत असले तर चिंता नसे. बोटांच्या ठशांची गोष्ट वेगळी आहे, कारण पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, तो आधारविरुद्धच्या याचिकांतून निघालेल्या प्रश्नावरच. माहिती हरवू नये आणि ती नको त्या हाती जाऊ नये, या दोन चिंता एकमेकींना ताणतात. सांकेतिक रूपातील साठवण हा त्यांवरचा तांत्रिक तोडगा. राज्यसंस्थेने कोणती माहिती मुळात घ्यावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

२०/
नंदुरबारला मात्र याच तत्त्वाचा दुसरा, अधिक उदार आविष्कारही ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा सिद्ध करावा लागतो. ज्यांच्याकडे सातबारा कधीच नव्हता, त्यांनी तो कसा करावा? २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमाने पुराव्यांचे अनेक प्रकार मान्य केले. शासकीय कागद, जमिनीवरच्या खुणा, विहीर, बांध, दफनभूमी, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथन. अतिक्रमणाबद्दल वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाची जपून ठेवलेली पावतीसुद्धा त्या ताब्याची साक्ष ठरू लागली. आणि निर्णय करताना यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही नियम सांगतो. एक कागद हरवला, म्हणून माणसाचा इतिहास हरवत नाही. गावातील म्हातारीची आठवण, शेताचा बांध आणि पिवळी पडलेली पावती एकमेकींच्या उणिवा भरून काढतात. बर्कलेच्या निबंधातील विचार येथे ग्रामसभेत बसलेला दिसतो. या मार्गानेही असंख्य दावे रखडले वा फेटाळले गेले, हे खरे. तरीही पुराव्याची ही कल्पना अधिक न्याय्य होती.

२१/
टेंभलीच्या समारंभानंतरच्या वर्षांत वार्ताहर पुनःपुन्हा त्या गावी गेले. पहिला क्रमांक मिळाला, तरी मोलमजुरी सुटली नाही आणि अपेक्षित लाभ पदरी पडले नाहीत, अशी रंजना सोनवणे यांची खंत त्या वृत्तांतांतून वाचायला मिळते. त्यांची नोंद सुरक्षित आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लिनक्सवर चालणाऱ्या, बिघाड गृहीत धरणाऱ्या यंत्रांनी ती दोन शहरांत जपली आहे.

१९८८ च्या त्या गणितापासून आजपर्यंत अभियंत्यांनी एक साधी नम्रता आत्मसात केली: प्रत्येक घटक कधी ना कधी बिघडणार, म्हणून एकावर सारा भार टाकायचा नाही. ही नम्रता डेटा सेंटरच्या आत पूर्णपणे आली. दाराबाहेर, रेशनच्या रांगेत, ती अजून पूर्ण आलेली नाही. आधारचा इतिहास लिहिताना बंगळुरू आणि मानेसरच्या डिस्क किती टिकल्या हे जसे नोंदवावे लागेल, तसेच नंदुरबारच्या दुकानात ठसा न जुळलेल्या माणसाला त्या दिवशी धान्य कसे मिळाले, की मिळालेच नाही, हेही नोंदवावे लागेल.